काकड्याला सगळ्यात आधी येणारा माणूस

हे प्रकरण आमच्या गावातलं आहे: आतून खचत गेलेल्या एका शेतकऱ्याचं, आणि ते आम्हाला उशिरा कळल्याचं. ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी स्वतः वाचून पाहिलं, दोन ठिकाणी खोडलं आणि मग म्हणाले, "लिवा गुरुजी, पण नाव नका टाकू." म्हणून इथे त्यांना वामनराव म्हटलं आहे. नाव खरं नाही. घरच्यांचे काही तपशीलही बदलले आहेत. तारखा, पाऊसपाणी आणि आमच्या चुका मात्र जशा होत्या तशाच ठेवल्या आहेत.

## पार्श्वभूमी

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दीडेकशे उंबऱ्यांचं. काळी जमीन, पण बहुतेक कोरडवाहू. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर आहे आणि विठ्ठल मंदिराच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. वामनराव आमचे पखवाजी. वय तेव्हा 47, शेत सहा एकर, मुलगी तालुक्याच्या कॉलेजात, मुलगा माझ्याच हाताखालून जाऊन नववीत. मंडळात एखादी गोष्ट दोन मिनिटांत ठरली तर त्यांना चैन पडायचं नाही. वाद घालणारा, हसवणारा, उशिरा येणारा असा हा माणूस. सप्त्याचा हिशोब मात्र पै न् पै त्यांच्या वहीत असायचा. गावात कोणाला सातबारा, पीकविमा, अनुदान यांचे कागद भरायचे असले की लोक आधी त्यांच्याकडे जात.

2022च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याच आशेवर पुढच्या हंगामाचा कापूस अर्ध्या गावाने घरात भरून ठेवला. वामनरावांच्या समोरच्या खोलीत तो आढ्यापर्यंत होता. उन्हाळा आला तशी त्यात बारीक कीड झाली आणि घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. पोरं रात्री अंगणात झोपू लागली. भाव काही चढला नाही. पेरणीला पैसा लागतो म्हणून शेवटी जूनमध्ये सात हजारांच्या आत कापूस काढावा लागला. आधीचं पीककर्ज थकलेलं होतं, एका खाजगी माणसाचे हातउसने होते, आणि वहिनींच्या नावावर बचतगटाचा हप्ता होता.

मग 2023चा खरीप. जुलैच्या अतिवृष्टीत नाल्याकाठचा दीड एकर खरडून गेला. सोयाबीन वाचलं असं वाटत होतं, तर ऑगस्ट-सप्टेंबरात पिवळ्या मोझॅकने पानं पिवळी पडली आणि शेंगा भरल्याच नाहीत. आमच्या भागात हे कोणा एकाचं झालं नव्हतं. म्हणूनच वामनरावांकडे वेगळं लक्ष द्यावं असं कोणाला वाटलं नाही. सगळ्यांचंच घर गळत असलं की कोणाची भिंत खचली ते कळत नाही.

## काय काय दिसत होतं

आता मागे वळून ओळीने मांडतो तेव्हा सगळं लख्ख दिसतं. त्या वेळी हे तुकड्या-तुकड्याने, वेगवेगळ्या माणसांना दिसत होतं.

पहिला तुकडा विम्याचा. त्या वर्षी सरकारने एक रुपयात पीकविमा दिला होता. नुकसान झालं की 72 तासांत कळवायचं होतं. वामनरावांनी गावातल्या वीस-बावीस जणांच्या तक्रारी मोबाईलवर भरून दिल्या, पण स्वतःची भरलीच नाही. हे मला फार नंतर कळलं. त्यांच्या शेजाऱ्याला तेव्हाच माहीत होतं. तो म्हणतो, "मले वाटलं, दुसऱ्याईचं करता करता राहून गेलं अशीन."

दुसरा पोळ्याचा. 14 सप्टेंबरला पोळा होता. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. पळसाच्या पानाने लोणी-हळद लावून बैलाचे खांदे शेकायचे आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." वामनराव हे दरवर्षी मोठ्याने म्हणत, रस्त्यावरून ऐकू यायचं. त्या वर्षी मी त्यांच्या गोठ्यावरून जात होतो. खांदे शेकणं मुलाकडे दिलं होतं आणि हे बाजूला उखळावर बसून बैलांकडे बघत होते. लोण्याची वाटी हातात तशीच होती, लोणी विरघळून मनगटावरून ओघळत होतं, पण त्यांना पत्ता नव्हता. मी हाक मारली, ते हसले, मी पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल मुलानेच आणले.

तिसरा तुकडा माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेला आहे. कोजागिरी 28 ऑक्टोबरला होती आणि त्याच रात्री चंद्रग्रहण होतं. दूध ग्रहणाआधी प्यायचं की पौर्णिमा सोडून दुसऱ्या दिवशी, यावर मंदिरात तासभर जुंपली. असा वाद म्हणजे वामनरावांची दिवाळीच. ते खांबाला टेकून गप्प बसले होते. कोणीतरी विचारलं तर म्हणाले, "तुमी म्हनान तसं."

त्यानंतर काकडा सुरू झाला. पहाटे साडेचारला काकडआरती, कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. एरवी वामनराव चौथ्या-पाचव्या अभंगाला डोळे चोळत यायचे आणि पखवाज गळ्यात अडकवता अडकवता शिव्या खायचे. त्या वर्षी मी किल्ली घेऊन चारला पोचलो की ते ओट्यावर आधीच बसलेले असत. रोज. अंगावर घोंगडी आणि समोर अंधार. एकदा सहज विचारलं, किती वाजता आले? म्हणाले, "अडीचले जाग येते, मंग घरी काय करू?"

मला काय वाटलं? तर भक्ती वाढली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी स्वतः लिहिलं की वामनरावांकडून निष्ठा शिकावी. त्यावर सतरा जणांनी हात जोडले. समाप्तीला त्यांना शाल-श्रीफळ द्यायचंही ठरलं.

पहाटे अडीच-तीनला जाग येणं, मग झोप न लागणं, आणि दिवसाचा सगळ्यात वाईट वेळ पहाटेचाच असणं हे नैराश्याचं अगदी पुस्तकी लक्षण आहे, हे मला जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर बसल्यावर समजलं. त्याच बाकावर मला ग्रुपवरचा तो मेसेज आठवला.

## अडचण नेमकी काय होती

कर्ज, नापिकी, भाव हे होतंच. ते नाकारण्यात अर्थ नाही आणि गोळीने ते फिटत नाही. पण या प्रकरणात आमची अडचण दुसरी होती. माणूस खचतोय हे तो रोज सांगत होता, फक्त भक्तीच्या भाषेत, आणि ती भाषा आम्हाला इतकी ओळखीची आहे की त्यात काही वेगळं ऐकूच आलं नाही.

वामनरावांची त्या दोन महिन्यांतली बोलणी मी नंतर वहिनींकडून, मुलाकडून, मंडळातल्या लोकांकडून गोळा केली. "आता मागनं काई रायलं नाई." "पांडुरंग पाहीन लेकरायचं." "देह काय, आज हाये उद्या नाई." "म्या नसलो तरी टाळ वाजतीनच." यातलं एकेक वाक्य घ्या, कुठल्याही कीर्तनात खपून जाईल. लोक माना डोलावतील. आणि डोलावल्याच.

मग वैराग्य आणि निराशा वेगळी ओळखायची कशी? मी काही वैद्य नाही, साधू तर त्याहून नाही. पण आमच्या मंडळात एक म्हातारेबुवा आहेत, खरोखरच ज्यांना काही नको आहे असे. ते दोन भाकरी खातात, दुपारी घोरतात, पोरांना चिमटे काढतात आणि आपल्या मरणाच्या गोष्टी हसत सांगतात. वामनराव मात्र ताटावरून उठत होते. पँट दोरीने बांधावी लागत होती. मुलगा बोलायला आला की "जा बावा" म्हणत. आणि त्यांच्या बोलण्यात एक शब्द वारंवार येत होता, जो त्या म्हाताऱ्याबुवांच्या तोंडी कधीच येत नाही: "माह्यामुळं." माह्यामुळं पोरीचं शिक्षण अडलं, माह्यामुळं कापूस सडला, माह्यामुळं हिच्या अंगावर धड लुगडं नाही. आपण घरच्यांवर ओझं झालो आहोत असं वाटणं हे धोक्याच्या खुणांमधलं फार वरचं आहे. शब्दांपेक्षा बदल पाहायला हवा होता. भांडणारा गप्प झाला, उशिरा येणारा आधी येऊ लागला, हिशोबी माणसाने हिशोब सोडला. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक होती, पण तिन्ही एकाच माणसात आणि एकाच दोन महिन्यांत घडत होत्या.

## कार्तिकी पौर्णिमेचा दिवस

27 नोव्हेंबर, सोमवार. काकड्याची समाप्ती, बाजूच्या तालुक्यातल्या कीर्तनकार बुवांचं काल्याचं कीर्तन, मग पंगत. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. वेचणीला आलेला कापूस झाडावर होता आणि सगळ्यांचे डोळे वर लागले होते.

वामनराव त्या दिवशी छान दिसत होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा. शाल घेतली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, माझ्याहून लहान पोरांनाही. पंगत उठल्यावर माझ्याकडे आले आणि खोळीत घातलेला पखवाज माझ्या मांडीवर ठेवला. सोबत हातोडी होती आणि धुमेला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक ठेवायचा जुना पितळी डबा. म्हणाले, "गुरुजी, हे तुमच्या पोराले द्या. त्याचा हात चांगला हाये."

हा पखवाज त्यांच्या वडिलांचा. कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. कणीकसुद्धा घरून भिजवून आणायचे. मंदिरातली चालायची नाही. मी डबा उघडला. आत मागच्या कधीतरीचा गोळा वाळून दगड झालेला होता, चिरा पडलेला.

इथे माझा पहिला खरा निर्णय होता आणि मी तो चुकवला. मला खटकलं, पण मी म्हटलं, "बरं, ठेवतो तुमच्याकरता." आणि घरी आलो.

ज्यांनी बरोबर ओळखलं त्या आमच्या आशाताई, म्हणजे गावच्या आशा सेविका. चारच्या सुमारास त्या वामनरावांच्या घरी गेल्या होत्या, मुलीच्या रक्ताच्या गोळ्या द्यायला. 2015पासून विदर्भ-मराठवाड्याच्या जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आहे. त्यात आशांनी शेतकरी घरांमध्ये झोप, भूक, उदासी यांबद्दल विचारायचं असतं. त्या प्रशिक्षणातलं त्यांच्या लक्षात होतं. वहिनी त्यांना आनंदाने म्हणाल्या, "दोन दिवसापासून लय शांत हायेत ताई. भांडत नाई, रडत नाई. काल सगळे कागद काढून पोरीले समजावून सांगतले, कोनाचं किती देनं ते."

आशाताई तिथून थेट माझ्या घरी आल्या. चप्पलही काढली नाही. म्हणाल्या, "गुरुजी, खूप दिवस तगमग करणारा माणूस एकदम शांत झाला, सामान वाटू लागला, हिशोब सांगू लागला, म्हणजे त्यानं काहीतरी ठरवलं आहे." मी कोपऱ्यातल्या पखवाजाकडे बघितलं.

## समोर असलेले पर्याय

पाऊस सुरू झाला होता. माझ्या ओसरीवर आम्ही पाच जण बसलो: आशाताई, मी, वामनरावांचा चुलतभाऊ, सरपंच आणि अजून न निघालेले कीर्तनकार बुवा. वहिनींना मागच्या दाराने बोलावून घेतलं.

चुलतभावाचं म्हणणं, आज सण आहे, उगाच गाजावाजा नको, दोन दिवस बघू. सरपंचाचं म्हणणं सरळ होतं: पैशाचा प्रश्न आहे, त्या खाजगी माणसाचं देणं आपण वर्गणी करून भागवू, माणूस आपोआप सुधारेल. ऐकायला हे सगळ्यात माणुसकीचं वाटत होतं आणि मीही तिकडेच झुकलो होतो. आशाताई म्हणाल्या, पैसे जमायला आठ दिवस लागतील, आणि प्रश्न आजच्या रात्रीचा आहे. वर्गणीचं ओझं त्या माणसाच्या मनावर कसं बसेल तेही कोणाला ठाऊक नाही.

वहिनींना वाटत होतं की हे बाहेरचं आहे. येत्या अमावस्येला एका देवस्थानावर न्यायचं त्यांनी मनात ठरवलं होतं, नारळही बांधून ठेवला होता. आम्ही चौघं गप्प. बाईच्या श्रद्धेला नाही कोण म्हणणार? बोलले ते बुवा. "मायबाई, नारळ तसाच ठेवा, देव कुठं पळून जात नाही. अमावस्येले अजून पंधरा दिवस हायेत. आधी दवाखाना. गोळी घेतल्यानं पांडुरंग कोपत नाही." हेच वाक्य मी किंवा आशाताई बोललो असतो तर वहिनींनी मान हलवली असती आणि नारळ घेऊन गेल्या असत्या.

राहिला शेवटचा पर्याय: आजच सरळ विचारायचं, रात्र राखायची आणि उद्या सकाळी जिल्ह्याला न्यायचं. याला सगळ्यात मोठी आडकाठी माझीच होती. मी म्हटलं, विचारलं आणि त्याच्या मनात नसेल तर? आपणच ती कल्पना घातल्यासारखं होईल. आशाताईंनी मोबाईल काढला आणि 14416 लावला. ही टेलि-मानस, केंद्र सरकारची ऑक्टोबर 2022पासून चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाईन. मराठीत बोलता येतं. पलीकडच्या समुपदेशक बाईंनी माझी शंका ऐकून घेतली आणि म्हणाल्या, विचारल्याने विचार येत नाही, उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. शब्द फिरवू नका, उपदेश करू नका, ऐका. एकटं सोडू नका. आणि घरात फवारणीचं जे काही असेल ते आधी हलवा.

## काय केलं

बुवा आणि मी गेलो. वामनराव सपरीत बसले होते आणि पावसाकडे बघत होते. पन्हाळीतून पडणारं पाणी बादलीत वाजत होतं. पाचेक मिनिटं कापसाबद्दल बोललो. मग मी विचारलं. तोंडाला कोरड पडली होती, म्हणून शब्द जसे आले तसे: "वामनराव, जीव द्यायचे विचार येतात का?"

बादली भरून वाहू लागली तरी ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "हाव."

आणि थोड्या वेळाने: "तुमाले कसं समजलं?"

पुढचा दीड तास ते बोलले. काय ठरवलं होतं ते इथे लिहिण्याचं कारण नाही. मी मध्ये एकदा "अहो, लेकरांचा विचार करा" असं म्हणालो तेव्हा बुवांनी माझा गुडघा दाबला. ते बरोबर होते. लेकरांचाच विचार करून करून तो माणूस तिथवर पोचला होता.

तोवर आशाताई आणि मुलाने गोठा, माळा, शेतातली खोपडी सगळं धुंडाळलं. अर्धवट वापरलेल्या सात बाटल्या निघाल्या, एक तर देवळीत तेलाच्या बाटलीशेजारी होती. आमच्या गावात घराघरात हेच आहे. टोकाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाची लाट असते. त्या वेळेत हाताशी काय आहे यावर जीव जातो की राहतो ते ठरतं. श्रीलंकेने 1990च्या दशकापासून अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्या बाटल्या पोत्यात भरून सरपंचाच्या कुलपाच्या खोलीत ठेवल्या.

रात्री चुलतभाऊ त्यांच्या खाटेशेजारी झोपला. मी आणि बुवा सपरीत. झोप कोणालाच नव्हती. साडेचारला वामनराव उठून बसले आणि म्हणाले, "आज काकडा नाई न?" बुवांनी तिथेच हळू आवाजात एक अभंग धरला, टाळ नाही की पखवाज नाही.

28 तारखेला शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये बसून जिल्हा रुग्णालय गाठलं. वाटेत दोन्ही बाजूंना भिजून लोंबणारा कापूस होता. तिथे चिठ्ठीच्या रांगेत दोन तास गेले. खिडकीवरच्या माणसाने मोठ्याने विचारलं, "डोक्याचं आहे का?" आणि वामनराव वळून बाहेर निघाले. चुलतभावाने दंड धरला नसता तर सगळं तिथेच संपलं असतं. डॉक्टर मात्र धीराचे निघाले. रक्त, साखर, थायरॉइड तपासायला सांगितलं, नैराश्य आहे असं स्पष्ट बोलले. गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, बरं वाटलं तरी मनाने बंद करायच्या नाहीत, हे समजावलं. आणि वहिनींना वेगळं बोलावून सांगितलं की सुरुवातीला अंगात बळ आधी येतं, मन नंतर सावरतं, त्या मधल्या दिवसांत जास्त जपायचं.

## पुढे काय झालं

सरळ रेषेत काही झालं नाही. पहिले दहा दिवस तोंड कोरडं आणि सुस्ती. तिसऱ्या आठवड्यात एका पाहुण्याने "झोपेच्या गोळ्या हायेत, सवय लागते" असं सांगितलं आणि वामनरावांनी त्या बंद केल्या. चार दिवसांत पुन्हा अडीचची जाग. या वेळी वहिनींनी ओळखलं. त्यांनी स्वतः 14416 लावला आणि मग मला बोलावलं. संक्रांतीनंतर ते ताटावर नीट बसू लागले. होळीच्या आसपास मुलावर ओरडल्याचं ऐकलं आणि मला बरं वाटलं.

पैशाचं म्हणाल तर दोन एकर मक्त्याने दिलं, खाजगी माणसाशी सरपंचासमोर बसून व्याज थांबवून मुद्दलाचे हप्ते ठरवले. पीककर्ज अजून आहे. विमा गेला तो गेलाच.

एक वाईटही झालं. सरपंचाची खोली उघडताना दोघांनी पाहिलं, आणि आठ दिवसांत गावभर झालं. मुलीसाठी आलेल्या एका स्थळाने नंतर फोन उचलला नाही. याच कारणाने उचलला नाही असं छातीठोक सांगता येत नाही, पण घरच्यांना तसंच वाटतं, आणि त्यांचं वाटणं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

खांदशेकणीच्या संध्याकाळी मला थांबता आलं असतं. फार काही नको होतं, त्या उखळाशेजारी बसलो असतो तरी पुरे. कोजागिरीला त्यांचं गप्प राहणं दहा जणांनी पाहिलं. एकानेही घरी जाऊन विचारलं नाही, कारण "सगळ्याईचंच तसं चालू हाये." हे वाक्य आता आम्ही मंडळात बोलू देत नाही.

तुकडे जुळवणारं कोणी नव्हतं ही खरी उणीव. विम्याचं शेजाऱ्याला माहीत होतं, जेवणाचं वहिनींना, बैलांचं मला, कागदांचं मुलीला. ही माणसं रोज भेटत होती. आशाताईंच्या वहीत त्या घरासमोर सप्टेंबरात "ठीक" लिहिलेलं होतं, कारण तेव्हा वामनराव स्वतः समोर होते आणि हसून उत्तरं दिली होती. आशाताई स्वतःच म्हणतात की पुरुषमाणसाला समोर विचारण्याआधी घरच्या बाईला चुलीपाशी विचारायला हवं होतं. मला ते पटतं, पण मग त्या बाईचं मन कोण विचारणार, हाही प्रश्न उरतो. वहिनींची झोप कोणीच विचारली नव्हती.

बाटल्या हलवणं योग्यच होतं. सरपंचाकडे न ठेवता चुलतभावाच्या शेतातल्या कुलपाच्या पेटीत ठेवल्या असत्या तर बोभाटा टळला असता. तसंच ओसरीवर पाच जण जास्त झाले. सरपंचाला त्या रात्री बोलवायची गरज नव्हती, देण्याघेण्याच्या बैठकीला बोलावलं असतं तरी चाललं असतं.

मंडळापुरते आम्ही दोन बदल केले. महिन्यातल्या एका एकादशीला भजनानंतर टाळ खाली ठेवून पंधरा मिनिटं नुसतं बोलायचं: कोण आलं नाही, का आलं नाही, कोणाचं काय बदललं. पहिल्या तीन वेळा कोणी काही बोललंच नाही, चहा पिऊन उठलो. चौथ्या वेळी एकाने दुसऱ्याबद्दल विचारलं. ते काही निघालं नाही, फक्त दाढ दुखत होती. आणि दुसरं म्हणजे 14416 हा नंबर मंदिराच्या फळ्यावर आरतीच्या वेळेखाली खडूने लिहिलेला असतो. पावसात पुसतो, मग शाळेतली पोरं पुन्हा लिहितात.

एक मतभेद अजून मिटलेला नाही. काहींना वाटतं, अशाने प्रत्येक भक्ताकडे रोगी म्हणून पाहायची सवय लागेल. पहाटे उठणाऱ्याला आता सुखाने उठताही येणार नाही. त्यात तथ्य आहे. मागच्या वर्षी एक आजोबा चारला यायला लागले तर तिघांनी त्यांना घेरलं. आजोबा चिडले. सून रात्रपाळीला जाते म्हणून लवकर उठतो, एवढंच होतं. घेरणं चूक होतं. एकाने शेजारी बसून विचारलं असतं तर झालं असतं.

2024च्या काकड्याला, कोजागिरीनंतरच्या पहिल्या पहाटे, मी किल्ली घेऊन चारला गेलो. ओटा रिकामा होता. साडेचारला आरती लागली. माझा मुलगा पखवाज घेऊन बसला होता. पाचव्या अभंगाला दारातून आवाज आला, "अबे, धुमेले कनीक कोनं लावली? चिखल हाये का काय हे?" वामनराव डोळे चोळत आत आले, पितळी डबा काखेत होता. पोराला बाजूला सारलं, कणीक खरवडून काढली, घरून आणलेली लावली, अंगठ्याने दाबली, वाजवून पाहिली, पुन्हा थोडी काढली. सगळे थांबले होते. म्हातारेबुवा उशिरा येण्यावरून त्यांना शिव्या देत होते.